मागच्या खोलीतली डबी

मोताळ्याच्या बाजारपेठेत प्रेमानंदचं दुकान आहे. दुकानावर पाटी काहीही असो, लोक त्याला नेटवालाच म्हणतात. त्याआधी तो डिशवाला होता, त्याआधी केबलवाला, आणि अगदी सुरुवातीला, मिसरूड फुटायच्या वयात, अँटिनावाला. ज्या काळात जी तार, तबकडी, पेटी घरात आली ती लावायला हाच. आसपासच्या दहा-बारा गावांत अशी भिंत सापडणं कठीण, जिच्यात प्रेमानंदनं एखादा खिळा ठोकलेला नाही.

अँटिनाचं काम तो शिकला भाऊरावांच्या जुन्या घराच्या धाब्यावर. मोताळ्यापासून दोन कोसांवर त्यांचं गाव, बऱ्यापैकी कपाशी-सोयाबीनची शेती. प्रेमानंद वर उन्हात उभा राहून पाइप फिरवायचा आणि खाली टीव्हीपुढं भाऊरावांची बायको, सिंधूताई, पदर खोचून उभी. "गेलं… आलं… अजून जरा इकडं… दिसते, दिसते, आता हालू नको बे!" वरून त्याला टीव्ही दिसतच नव्हता. दिसत होतं ते सिंधूकाकूला, आणि तिच्या शब्दावर तो स्क्रू आवळून मोकळा व्हायचा. एकदाही तिचं सांगणं चुकलं नाही. हे तो पुढं धंद्यात मुरल्यावर चारचौघांत कौतुकानं सांगायचाही.

पण मुरलेला माणूस म्हणजे एक विचित्रच प्रकार असतो. प्रेमानंदच्या मोबाइलमध्ये आता सगळं दिसायला लागलं होतं. कोणाच्या घरी किती वेग, कोणती वस्तू कशाला जोडलेली, सगळं हिरव्या-तांबड्या ठिपक्यांत. मग घरातल्या माणसाला विचारायचं कशाला? ‘काय दिसते?’ हा प्रश्न त्याच्या तोंडातून कधी गेला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाऊरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अकोल्याच्या दवाखान्यात सांगितलं, बोलणं परत येईल, पण रोज सराव पाहिजे. तिथली बोलणं शिकवणारी एक बाई रोज संध्याकाळी पाच वाजता टॅबवर समोर यायची. ती ओठांची हालचाल करून दाखवणार, भाऊरावांनी तिच्या ओठांकडं बघून तसं करायचं. एका महिन्यात माणूस ‘पाणी’ म्हणायला लागला होता. सिंधूताईंनी ते ‘पाणी’ शेजारच्या तीन घरांत सांगितलं.

अडचण एकच. नवीन स्लॅबचं घर लांबट, नेट पुढच्या खोलीत आणि खाट पार मागं, तिथवर नेट जेमतेमच पोचायचं. पुण्याला असलेल्या मुलानं, अविनाशनं, दोन पांढऱ्या डब्या पाठवल्या. एक पुढं लावायची, एक मागं. दोन्ही मिळून घरभर एकच नेट, आणि ज्या वस्तूला जी डबी जवळ, तिनं ती धरायची. प्रेमानंद आला तो बाजाराचा दिवस होता, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं. पुढची डबी त्यानं नेटच्या पेटीशेजारी इन्व्हर्टरच्या बोर्डात खोचली. मागच्या खोलीत पंखा आणि दिवा इन्व्हर्टरवर होते, प्लगचा बोर्ड मात्र साध्या लाइनवर. पंख्याच्या लाइनीवरून एक वायर ओढायची, की झालं. पाव तासाचं काम. प्रेमानंदनं ते केलं नाही. साध्या बोर्डात डबी बसवली, मोबाइलमध्ये हिरवे ठिपके पाहिले आणि निघाला.

आठवडाभरात सिंधूताईंचा फोन आला. बाईचं चित्र थांबते, तोंड उघडं ते उघडंच राह्यते, आणि हे आपले तिच्याकडं पाहून तोंड वासून बसतात. "लाइट जाऊन आली का मंग बिघडते," त्या म्हणाल्या. अगदी एवढंच सांगितलं होतं त्यांनी, आणि अगदी तेच खरं होतं. प्रेमानंद सकाळी गेला, सवयीप्रमाणं टॅब आधी बंद करून चालू केला, तर सगळं टकाटक. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो गेला तेव्हा पुढच्या खोलीत शेजारचे पंजाबराव चहा घेत बसले होते. त्यांच्यादेखत, जरा मोठ्यानंच, प्रेमानंद म्हणाला, "काकू, डबीत काही बिघाड नाही. तुमचाच हात लागते. तुम्ही बटणं दाबत नका जाऊ."

सिंधूताईंनी मान हलवली. नाही म्हणाल्या नाहीत. पंजाबराव हसले, म्हातारपण आलं म्हणाले. प्रेमानंदनं पांढऱ्या चिकटपट्टीवर ‘हात लावू नये’ असं लिहून ती पट्टी मागच्या डबीवर डकवली, आणि वाटेत अविनाशला फोन करून कळवलं की आईच काहीतरी करतात. त्यानंतर सिंधूताईंचा फोन आला नाही. प्रेमानंद मनाशी म्हणाला, चला, मिटलं.

तीन आठवडे गेले. प्रेमानंदनं स्वतःच्या घरीही तशाच दोन डब्या लावल्या होत्या, पुढची इन्व्हर्टरवर, स्वयंपाकघरातली साध्या बोर्डात. एका दुपारी बायको, धम्मशीला, ओट्याशी मोबाइल टेकवून आपल्या आशासेविकेच्या कामाचा व्हिडिओ बघत मेथी निवडत होती. लाइट गेली, दहा मिनिटांनी आली. व्हिडिओ मात्र अडखळतच राहिला.

"लाइट येऊन एवढा टाइम झाला," धम्मशीला म्हणाली, "आन हे अजून अटकूनच राह्यलं. काऊन?"

प्रेमानंदनं मोबाइलमध्ये पाहिलं. लाइट गेली तेव्हा स्वयंपाकघरातली डबी विझली, म्हणून तिच्या फोननं दोन भिंतींपलीकडची पुढची डबी धरली. लाइट आली, हाताच्या अंतरावरची डबी जागी झाली, तरी फोन ती लांबचीच धरून बसला होता. बंद करून चालू करेपर्यंत तो ती सोडणार नव्हता. भाऊरावांच्या गावात रोज चारच्या सुमारास लाइट जाते आणि पाचच्या आत येते. पाचला भाऊरावांची शिकवणी.

तो तसाच ओट्याला टेकून उभा राहिला.    पंचवीस वर्षं या कामात घालवलेला माणूस, आणि सिंधूकाकूंनी त्याला बिघाड बिनचूक सांगितला होता, तर त्यानं त्यांच्याच हातांना नावं ठेवली होती, तेही परक्यासमोर.

दुसऱ्या दिवशी तीनलाच तो गावात हजर झाला. टॅब खाटेजवळ नव्हता. सिंधूताईंनी तो कपाटातून काढला, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला.

"मीच बंद केलं बाप्पा ते," त्या म्हणाल्या. अविनाश फोनवर रागावला होता, आई तू कशाला मधे मधे करतेस म्हणून. शिकवणीच्या बाईलाही त्यांनीच सांगून टाकलं होतं, की आमच्याकडून होत नाही. खाटेवरून भाऊरावांनी प्रेमानंदला ओळखलं, डावा हात उचलला आणि ओठ जुळवून म्हणाले, "पा." पुढचा ‘णी’ कुठंच नव्हता.

प्रेमानंदला त्यांच्याकडं बघवलं नाही. तो स्टुलावर चढला, पंख्याच्या लाइनीवरून वायर ओढून बोर्डात आणली. पाव तासही लागला नाही. खाली उतरला आणि, काय सांगावं माणसाला, तोंडातून निघालं ते असं की कंपनीनं नवीन सुधारणा पाठवली, आता त्रास होणार नाही.

सिंधूताईंचा चेहरा खुलला. खाटेवर वाकून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं काय? दुरुस्त झालं. आता मी त्याले हातच नाही लावत. मी तिकडं दरवाज्यात बसतो."

आणि त्या खरोखर उठून दारात जाऊन बसल्या.

एवढं पाहिल्यावर प्रेमानंदला राहवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो त्यांच्यासमोर खालीच बसला. "काकू, कंपनीनं काही नाही केलं. मी खोटं बोललो. चूक माही होती. मले जायची घाई होती, मी वायर नाही ओढली. तुम्ही सांगतलं तेच खरं होतं. तुमचा हात कधीच नाही लागला."

सिंधूताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मले वाटलं," त्या हळू म्हणाल्या, "ह्यांची वाचा गेली, तसं माह्यं डोकसं चाललं. मी हात पदरात घेऊन बसो, तरी ते अटके. मंग मी म्हनो, दाबलं असन आपन, आन आपल्यालेच याद नसन."

प्रेमानंदनं तिथूनच अविनाशला फोन लावला, आवाज मोठा करून सगळं सांगितलं. शेजारी जाऊन पंजाबरावांनाही सांगितलं. ते आता हसले नाहीत, बरं बरं म्हणाले. परत येऊन त्यानं डबीवरची पट्टी नखानं खरवडून काढली. अक्षरं निघाली, चिकटपणा राहिला.

अकोल्याच्या बाईला सिंधूताईंनी आधी फोन करून विचारलं, आणि पाचला ती टॅबवर आली. आल्या आल्या तिनं भाऊरावांना नमस्कार केला आणि ओठ मिटून ‘पा’पासून पुन्हा सुरुवात केली. खात्री करावी म्हणून प्रेमानंद पुढच्या खोलीत गेला आणि मेन स्विच खाली ओढला. लाइट गेली. फ्रिजची घरघर थांबली. इन्व्हर्टर लागला. खिशात मोबाइल होता, त्यात हिरवे ठिपके असणारच. तो त्यानं बाहेर काढला नाही. धाब्यावरून द्यायचा तशी मोठ्यानं हाक दिली.

"काकू, दिसते का?"

  

"तूच येऊन पाह्य बाप्पा," मागून सिंधूताईंचा आवाज आला, शांत आणि समजुतीचा. "माह्या सांगण्यावर नको राहू."

तो मागं गेला. टॅबवर बाईचे ओठ स्वच्छ हलत होते, आणि सिंधूताई अजून दारातच होत्या, दोन्ही हात पदरात घेऊन.