रद्दीचा टेकू

विद्यापीठाच्या शताब्दीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी दफ्तरबाईंच्या तावडीत सापडलो. अभिलेखागारात त्यांची तीस वर्षं गेली होती. खरं नाव कुणालाच आठवत नसे. पान उलटताना कुणी बोट ओठांकडे नेलं की त्या "थुंकी घरी ठेवून या!" म्हणून अशा खेकसायच्या की एकदा खुद्द कुलगुरूंनी हात मागे घेतला होता.

कुठलीही फाईल त्या डोळे मिटून काढून द्यायच्या. टाळाटाळ एकाच विषयावर. साठ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायकांसाठी विद्यापीठाने दोन वर्षं दुपारचे वर्ग चालवले होते, असं मी एका निवृत्त प्राध्यापकांकडून ऐकलं होतं. एकाही अहवालात त्याची ओळ नाही. मी त्या वर्गांचे हजेरीपट मागितले की बाईंना नेमकं दुसरं काम आठवायचं.

महिनाभराने माझं डोकं फिरलं. "बाई, आहेत की नाहीत, एकदाचं सांगून टाका!"

त्यांनी चष्मा काढला. "नाहीत. मीच रद्दीत घातले."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नष्ट करायच्या कागदांची यादी त्यांच्यापुढे आली होती. साहेब घाईत होते. बाईंनी न वाचताच प्रत्येक नोंदीपुढे खूण केली आणि खाली सही ठोकली. यादी नीट वाचली ती रद्दीचा ट्रक गेल्यावर.

"त्या वर्गात माझी आई होती, सर. आता ब्याऐंशीची आहे. घरात कुणाला खरं वाटत नाही. माझे भाऊ तर 'आल्या आमच्या पदवीधर' म्हणून तिला चिडवतात. मी इथे लागले तेव्हा म्हणाली, माझं नाव तेवढं शोधून आण. अजून रोज विचारते, सापडलं का? मी म्हणते, शोधतेय."

मी चांगलाच चिडलो होतो. पण त्यांचा चेहरा बघून मी मागणीची चिठ्ठी परत खिशात घातली.

पुढच्या आठवड्यात नवी लोखंडी कपाटं आली. जुन्या फळ्या रिकाम्या करताना प्रत्येक रांगेच्या टोकाला लाल कापडात बांधलेला, नंबर नसलेला एक गठ्ठा निघू लागला.

"यात काय आहे?"

"काही नाही, टेकू. फायली आडव्या पडू नयेत म्हणून. मी नवी होते तेव्हा ऑफिस लोखंडी टेकू देईना, मग शिपायाला सांगितलं, रद्दीतलं जाडजूड बघून बांध."

"कुठल्या रद्दीतलं?"

बाईंनी हातातली फाईल खाली ठेवली आणि पहिल्या गठ्ठ्याची गाठ सोडायला घेतली.

सातव्या गठ्ठ्यात दोन्ही हजेरीपट निघाले. इतकी वर्षं त्यांनी स्वतःच्या हाताने त्या गठ्ठ्यावरची धूळ पुसली होती! बाई हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. मला मात्र इतकं हलकं वाटलं की शताब्दीचा ग्रंथ घटकाभर विसरलोच. आईचं नाव होतं, दोन्ही वर्षांची हजेरी होती, शेवटच्या पानावर परीक्षेचे गुणसुद्धा होते.

पट बाहेर न्यायची परवानगी नाही, आणि बाई नियम मोडणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी शिक्का मारलेली नक्कल काढली आणि साक्षीदार म्हणून मला घरी ओढत नेलं.

ब्याऐंशीच्या आजी खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सापडलं का?"

"सापडलं."

आजींनी कागद जवळ धरला, लांब धरला, नावावरून बोट फिरवलं.

"तिसरी आलीस तू," बाई म्हणाल्या. "आम्हाला पहिली सांगायचीस."

"मास्तरांची बेरीज कच्ची होती."

मग बाईंनी सगळं सांगून टाकलं; यादी, सही, ट्रक.

"ठाऊक आहे मला," आजी म्हणाल्या. "त्याच वर्षी ओळखलं. मी विचारलं की तुझं तोंड एवढंसं व्हायचं."

"मग रोज कशाला विचारायचीस गं?"

"आज तरी सांगशील म्हणून. एकटीच मनात घेऊन बसली होतीस."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. आजींनी सुई माझ्यापुढे धरली.

"सर, एवढा दोरा ओवून द्या. हिचे डोळे आज कामाचे नाहीत."