दोन टोकांचा धूर

आमच्या गावाला विमानतळ होता असं सांगितलं की लोक मला थापाड्या समजतात. मोहाडी तालुक्यातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. एसटी फाट्यावर सोडून जायची, पुढे दोन कोस चिखल तुडवायचा. आणि म्हणे विमानतळ! पण होता. मुरूम टाकून, रोलर फिरवून दाबलेली एक लांबलचक पट्टी. तिच्या एका टोकाला तलाव, दुसऱ्या टोकाला धानाच्या बांध्या. गावच्या दोन मालकांची ती मिजास.

दोघे सख्खे भाऊ. नाकाडोंगरीकडे खाणी, तेंदूपत्त्याचे ठेके, राईस मिल. पैसा उतू चाललेला आणि अकलेचा मात्र दुष्काळ. थोरल्यानं नागपूरला जायला जुनं विमान घेतलं. नागपूर मोटारीनं अडीच तासांवर. धाकट्यानं चार महिन्यांत दुसरं घेतलं, कारण थोरल्याकडे होतं. दुसरं काही कारण नव्हतं. पुढे वाटणी झाली. शेतं वाटली, खाणी वाटल्या, बापाचे अडकित्तेसुद्धा वाटले आणि ही पट्टीही कागदावर मधोमध कापली. तलावाकडचं अर्धं थोरल्याचं, बांध्यांकडचं धाकट्याचं. अर्ध्या पट्टीवर विमान उतरत नाही, हे दोघांनाही कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? गावात सगळे माना डोलावणारेच.

मी तिथं एकशिक्षकी शाळेवर मास्तर होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं, माझं वय सत्तावीस. दोघांनाही तोंडावर ‘मालक’ म्हणायचो, मनात शिव्या हासडायचो, आणि याला मी स्वाभिमान म्हणायचो.

पट्टीचा चौकीदार एक ढीवर होता. पहाटे तलावात जाळं टाकायचा आणि दिवसभर पट्टीवरची गुरं हाकलायचा. विमान यायच्या वेळी एका टोकाला ओल्या तणशीचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग पेटवायचा. धूर ज्या टोकाला, त्या टोकाकडून विमानानं उतरायचं, अशी तिथली रीत. टोक कोणतं, ते तोच ठरवी. तलावाच्या पाण्याकडे क्षणभर बघे आणि वारा कुठून येतोय ते सांगे. दोन्ही पायलट त्याचा धूर बिनघोर मानत. गावात डोकं वापरून काम करणारा तो एकटाच, आणि मालकांच्या ओसरीवर जमिनीवर बसायचा तोही एकटाच.

पट्टीचा खटला नागपूरच्या कोर्टात होता. एकाच तारखेला दोघे भाऊ दोन विमानांनी निघाले. थोरल्याच्या डोक्यात कोण्या वकिलानं भरवलं होतं, की आपल्या बाजूनं उतरत राहिलं की कब्जा शाबीत होतो. वकील बहुधा दोघांचाही तसलाच असणार. निघण्याआधी थोरला चौकीदाराला म्हणाला, ‘‘आजपासून माह्या टोकाले धूर पायजे.’’ अर्ध्या तासानं धाकटाही आपल्या टोकासाठी तेच म्हणाला. मी पोरांना घेऊन विमान दाखवायला आलो होतो, ते माझ्यासमोर घडलं.

‘‘मालक, थोरल्या मालकाईनं त्याईच्या टोकाले सांगतलं. दोन धूर कसे करू? पायलट कोणता पाहील?’’ चौकीदारानं विचारलं.

‘‘तुले काय करायचं हाय? सांगतलं तेवढं कर,’’ धाकटा म्हणाला.

चौकीदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पोरांना ओळीत उभं करू लागलो.

दुपारी चारच्या सुमाराला दोन्ही विमानं एकदमच आली. पानही हलत नव्हतं. चौकीदारानं दोन्ही ढीग पेटवले होते, धूर दोन खांबांसारखा सरळ वर चढला होता. एक विमान तलावावरून खाली उतरू लागलं, दुसरं बांध्यांवरून, समोरासमोर. चौकीदार मध्ये उभा राहून डोक्यावरचं पागोटं सोडून हलवत होता. गाडीवाटेवर ज्यांनी एकमेकांच्या जीपला कधी वाट दिली नाही, ते आभाळात काय देणार? अगदी जवळ आल्यावर पायलटांना सुचलं, दोघांनीही विमानं वर खेचली आणि दोघेही तलावाच्या एकाच अंगाला वळले. पंखात पंख अडकला. पत्र्याचं कपाट पडावं तसा आवाज झाला.

धाकट्याचं विमान काठच्या गाळात जाऊन रुतलं. त्यातून धाकटा आणि त्याचा पायलट चिखलानं माखून, पण चालत बाहेर आले. थोरल्याचं तलावात गेलं. आम्ही काठावर उभे राहून ओरडलो, त्यात आम्ही पटाईत. चौकीदारानं उडी मारली. आधी थोरल्याला वर काढलं. मग पायलटसाठी तीनदा बुडी मारली. त्याचा पट्टा कसा सोडवायचा ते त्याला उमगेना. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. पायलट गेला. तो मूळचा कुठला, हेही गावात कोणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघे भाऊ वर्षानुवर्षांनी एका बाकावर बसले. थोरल्याचा हात प्लास्टरमध्ये, ज्यानं त्याला पाण्यातून ओढलं त्याच्याचबद्दल बोलणं चाललेलं. चौकीदार दारू प्यायला होता, नशेत त्यानं दोन्हीकडे धूर केला, असं दोघांनी पोलीस जमादाराला सांगितलं. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं असेल. भावाभावांचं प्रेम म्हणतात ते हेच असावं.

जबाब लिहायला जमादारानं मला बोलावलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. लाखांदूरला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या बदलीचा हुकूम निघालेला होता, आणि धाकटा मालक जाता जाता म्हणाला होता, ‘‘गुरुजी, बदलीचं पाहून घेऊ.’’ जमादार सांगत गेला, मी लिहीत गेलो. ‘मी दारूच्या अमलाखाली असल्याने...’ ही ओळ मी एका दमात, न अडखळता, सुबक अक्षरात लिहिली.

चौकीदाराला अंगठा लावायला बोलावलं. त्यानं जमादाराकडे नाही, माझ्याकडे पाहून विचारलं, ‘‘गुरुजी, काय लिवलं?’’

‘‘जे घडलं तेच,’’ मी म्हणालो.

‘‘दोघायनं सांगतलं म्हून धूर केला, असं लिवलं ना?’’

‘‘हो.’’

त्यानं अंगठा लावला. मालकांवर, जमादारावर, वकिलांवर मी आजवर पोटभर थुंकलो आहे, आणि ते सगळे त्याच लायकीचे होते. पण खोटं लिहून ते खरं म्हणून सांगणारा मी होतो. जबाब त्याला समजावून सांगितला, अशी साक्ष पुढे कोर्टातही, तो समोर उभा असताना, मी दिली. त्याला दीड वर्षाची सजा झाली. माझी बदली रद्द झाली.

तो सुटून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत आला. दारातच उभा राहिला. त्याची मुलगी माझ्याकडे चौथीत होती, वर्गात सगळ्यांत हुशार. खरं तर तिच्या बापाचं तोंड आठवू नये म्हणूनच मी तिला जास्त शिकवत होतो.

‘‘पोरीचा दाखला द्या,’’ तो म्हणाला.

‘‘काहून? इथं शिकून राहिली ना चांगली.’’

‘‘मोहाडीले घालतो. बहिणीपाशी राहील.’’

मी समजावायचा प्रयत्न केला. वर्षाच्या मध्येच शाळा बदलू नये, तिचं नुकसान होईल, असं काहीबाही बोललो. तो ऐकत उभा राहिला. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, ‘‘द्या.’’

मी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो खिशात घातला नाही. मुलीला जवळ बोलावून तिच्या हातात दिला.

‘‘मोठ्यानं वाच. काय लिवलं?’’

मुलीनं वाचायला सुरुवात केली. नाव, जात, जन्मतारीख, वर्तणूक. एकेका ओळीवर ती थांबे, आणि तो मान हलवल्यावरच पुढे जाई. माझं अक्षर वाचायला अडचण अशी कधीच नसायची.

‘‘शाळा सोडण्याचे कारण,’’ ती वाचू लागली, ‘‘पालकांची इच्छा.’’

‘‘बराबर हाय,’’ तो म्हणाला, आणि मुलीचं दप्तर उचललं.