चार नंबरचा बिल्ला

सेल्सो रिएस्त्रा सतरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. त्यात त्याचा गोल एकच, तोही स्वतःच्या संघावर. लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची एक सवय. चेंडू लांब गेला की तो डाव्या खांद्यावरून वळून बघायचा आणि हळूच म्हणायचा, "मिनो, पुढे ये." तो खेळला त्या पाचही संघांत मिनो नावाचा कोणी नव्हता.

मिनो आमच्या सोतोनेग्रो गावचा. एकोणिसाव्या वर्षी दोघे कोळशाच्या खाणीत एकाच पाळीत होते आणि रविवारी गावच्या संघात शेजारी शेजारी बचावाला. मिनो चार नंबर, सेल्सो पाच. खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळीवर टांगायचा, वर आलं की काढून घ्यायचा. फळी रिकामी म्हणजे खाली कोणी नाही. मगच सुरुंग उडवायचे. मार्चमधल्या एका दुपारी सुरुंग उडाले तेव्हा फळी रिकामी होती आणि मिनो खाली होता. सेल्सो तेव्हा बसमध्ये होता, मोठ्या क्लबच्या निवड चाचणीला निघालेला. तो निवडला गेला.

त्या वर्षीपासून आमच्या संघाच्या खोलीतही तशी फळी आहे. मैदानात जाताना खेळाडू बिल्ला टांगतात, आत आले की काढतात. चार नंबर पुन्हा कोणाला दिला नाही. तो बिल्ला मिनोच्या बहिणीकडे, ओल्विदोकडे, कुलुपात असतो. संघाचे कपडे तीच धुते.

अठ्ठावन्नाव्या वर्षी सेल्सो इथे प्रशिक्षक होता; पोरं त्याला 'मिस्तर' म्हणायची. गेल्या मे महिन्यातला हंगामाचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला असता तरी संघ तगला असता. हरला तर क्लब बंद, हे नगरपालिकेने आधीच सांगितलं होतं. मध्यंतराला शून्य-शून्य. अकरा जण आत आले, अकरांनी बिल्ले काढले. एक उरला.

"मिस्तर, हा चार नंबर कुणाचा?" गोलरक्षक ब्राउलियोने विचारलं.

"बारावा गडी असेल तर घ्या की," दुसरा म्हणाला. "आपली डावी बाजू तशीही रिकामीच असते."

सेल्सो हसला नाही. "ओल्विदो, तू टांगलास?"

"किल्ली माझ्या गळ्यात आहे," ती म्हणाली. तिने कपाट उघडलं. चार नंबरचा बिल्ला आत होता. फळीवरचाही चार नंबरचाच होता, आणि त्यावर ओला कोळसा होता.

रेफरीने दारावर थाप मारली. पोरं उठली.

"बसा," सेल्सो म्हणाला. "फळी रिकामी झाल्याशिवाय कोणी जाणार नाही."

"मिस्तर, सामना जाईल."

"जाऊ दे."

पंचवीस मिनिटांनी रेफरीने सामना पाहुण्यांना दिला. क्लबचे अध्यक्ष दारातूनच म्हणाले, "सेल्सो, उद्या येऊ नकोस. परवाही नको." खेळाडू मान खाली घालून गेले. खोलीत दोघंच राहिली.

"त्या दिवशी चारची बस होती," सेल्सो म्हणाला. "चाचणीला आम्ही दोघंही जाणार होतो. मिनो म्हणाला, हत्यारं ठेवून मागून पुढच्या लिफ्टने येतो. वर फळीपाशी रांग होती. त्याचा वेळ वाचावा म्हणून मी दोन्ही बिल्ले काढले. थांब्यापाशी वाट पाहिली. तो आला नाही, तर मी बसमध्ये चढलो."

ओल्विदो मळके शर्ट टोपलीत भरत राहिली.

सेल्सोने फळीकडे पाहिलं. कोणी हात लावला नव्हता, तरी चार नंबरचा खिळा मोकळा होता. एकोणचाळीस वर्षांनी पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले.

"आला," तो म्हणाला. "आला वर."

"रिकामी फळी मी पूर्वीही पाहिली आहे, सेल्सो," ओल्विदो म्हणाली आणि टोपली उचलून बाहेर गेली.