आईची मोठी टिकली

त्या रविवारी सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तीनदा गॅलरीत जाऊन आले, दोनदा तोच ओटा पुसला. धाकटी बहीण तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन येणार होती आणि मी काय बोलायचं ते आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. "तुला फायदा झाला, एवढंच सांग."

भाचीला ऑटिझम असल्याचं नुकतंच कळलं होतं. लहानपणी मला जी थेरपी दिली तीच तिला द्यायची का, हे माझ्या एका वाक्यावर ठरणार होतं. कारण घरातला जिवंत पुरावा मीच. काशीमीऱ्याच्या गोदामात हिशेबनीस आहे, शेअर रिक्षात गप्प बसते, पाहुण्यांच्या डोळ्यांत बघून बोलते. आई हे सगळ्या सोसायटीला सांगत फिरते.

मीरा रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या थेरपीची खोली होती. रोज संध्याकाळी दोन तास. मला हात फडफडवायची सवय. हलले की थेरपीच्या बाई ते धरून मांडीवर ठेवायच्या. "हात शांत." तीन सेकंद डोळ्यांत बघितलं की केळ्याचा एक वेफर. बाई दुष्ट नव्हत्या, गोड बोलायच्या. पण हे हात का हलतात, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

घरी आई तोच अभ्यास घ्यायची, वेफरऐवजी गावाहून आलेल्या फणसाच्या गऱ्यांवर. डोळ्यांत बघणं मला सोसायचं नाही, आत चटका बसायचा. मग मला तिच्या कपाळावरची टिकली सापडली. लाल, गोल, मुकाट. तिच्याकडे बघितलं तरी आई खूश, गरा हातात. मोठी टिकली असली की मी जास्त वेळ बघते, हे आईच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती मोठीच लावते.

बहीण आली. भाची थेट खिडकीशी गेली, खाली रिक्षांची रांग बघून तिचे हात फडफडायला लागले. बहिणीने मागून ते धरले. "हात शांत हं, बाळा." एकदाच थेरपीचं सेंटर बघून आली होती, तेवढ्यात शिकली.

माझे हात आपोआप मांडीवर गेले. तिशी उलटलेली मी, आणि माझे हात मांडीवर.

"ताई, सांग ना," बहीण म्हणाली. "झाला ना फायदा?"

"मी आईच्या डोळ्यांत कधीच बघितलं नाही," मी म्हटलं. "टिकलीकडे बघायचे. अजून तेच करते. आईचे डोळे कसे आहेत, मला माहीत नाही. वेफरसाठी खोटं वागायला शिकले मी, बाकी काही नाही."

आईचा हात कपाळाकडे गेला.

"तू बघायचीस म्हणून मोठी लावायचे," ती म्हणाली. "मला कधी आवडली नाही ती."

मला रडू आलं, पण त्याआधी एक काम होतं. बहिणीने मुलीचे हात अजून धरूनच ठेवले होते.

"आधी तिचे हात सोड," मी म्हटलं.

तिने सोडले. भाचीचे हात पुन्हा खिडकीशी उडायला लागले. माझे मांडीवरच होते. मी त्यांना हलवून बघितलं, जमेना.