त्यांचं तमिळ परत आलं

चेन्नईत अड्यारच्या एका आतल्या रस्त्यावर, फिजिओथेरपीच्या खोल्यांना लागून, एका धर्मादाय संस्थेचं वाचनालय आहे. तिथे मी काम करते. पेशंटच्या घरच्यांना कळेल असं आरोग्यावरचं साहित्य जमवायचं आणि मागणाऱ्याच्या हातात पडेल असं लावून ठेवायचं, एवढंच काम. मधुमेह, गरोदरपण, मूत्रपिंडाचे आजार ही कपाटं मी येण्याआधीच लागलेली होती. मेंदूच्या आजारांचं मात्र तसंच पडून होतं. कुणा वारलेल्या डॉक्टरांच्या घरून आलेले खोके, तमिळ आणि इंग्रजी पुस्तिका, घडीपत्रकं, पिवळी पडलेली कात्रणं. ते लावायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला बरंच वाटलं. त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

सांगलीला मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. नवऱ्याला सिरुसेरीत नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. तो सकाळी कंपनीच्या बसने जातो, अंधार पडल्यावर येतो, आणि जेवताना त्याच्या कानात कुठली तरी मीटिंग चालू असते. आमचं भांडण नाही. मुलगी हैदराबादला, तिचा फोन रविवारी. इमारतीतल्या बायका चांगल्या आहेत, पण त्यांच्या गप्पा रंगल्या की मी हसरा चेहरा करून उभी राहते, कारण माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं आणि पाण्याच्या कॅनपुरतं. काही दिवस असे जात, की माझ्या तोंडून मराठी निघे ते फक्त "अजून वाढू का?" एवढंच.

कपाट मी आधी आजारांच्या नावांप्रमाणे लावलं. अपस्मार, पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश. पण येणाऱ्यांना नावं माहीत नसत. कुणी म्हणे, वडील शर्ट उलटा घालतात. कुणी म्हणे, आई रात्रभर झोपत नाही. म्हणून मी सगळं खाली उतरवलं आणि पुन्हा लावलं. चालणं, विसरणं, झोप, झटके, गिळणं, बोलणं, असे खण केले. बोलण्याचा खण सगळ्यात रिकामा राहिला. वाचाघातावर, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणंच जातं त्यावर, घरच्यांसाठी फार थोडं लिहिलेलं सापडलं.

त्या खणासमोर एक दिवस एक बाई बराच वेळ उभ्या होत्या. साठी उलटलेल्या, सुती साडी, हातात कापडी पिशवी. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामी म्हटलं आणि काय हवंय ते विचारलं. माझं तमिळ ऐकून त्या लगेच इंग्रजीवर आल्या.

"माझ्या नवऱ्याला स्ट्रोक झाला. बोलतात, पण मला काही कळत नाही. आधी वाटलं नुसतं बरळतायत. मग एक शब्द ओळखीचा वाटला. माझ्या सासूबाई बोलायच्या तसा."

"कुठली भाषा?"

"मराठी. तंजावरचे आहेत ना ते. पण आमच्या घरी कधीच नव्हती. मी तमिळ, मुलं तमिळ. ते फक्त आईशी आणि अक्काशी बोलायचे. दोघी गेल्या. आता त्यांचं तमिळ सगळं पुसलं गेलंय आणि तेवढंच राहिलंय. असं होतं का? यावर काही पुस्तक आहे?"

असं होऊ शकतं, हे मी त्याच खोक्यांतल्या एका पुस्तिकेत वाचलं होतं. दोन भाषा असलेल्या माणसाची कधी एकच भाषा आधी परत येते. कुठली, ते सांगता येत नाही. पुस्तिका मी त्यांना दिली. मग मी म्हणाले, "मामी, मी मराठी आहे."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "शनिवारी घरी येशील?" त्यांनी विचारलं.

शनिवारी मी शेअर ऑटोने वेलचेरीला गेले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसलेले होते, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे, असं मामींनी जिन्यातच सांगितलं होतं. मी म्हटलं, "नमस्कार. बरं आहे ना?"

त्यांनी मान एकदम वळवली. शब्द जुळवायला वेळ लागला. "बैस," ते म्हणाले. मग, "कोठची तूं?"

"सांगलीची."

"तुझं बोलणं वेगळं."

"तुमचंही," मी म्हटलं, आणि ते हसले. तोंडाची एकच बाजू हसली.

त्यांची मराठी माझ्या मराठीची कुणी लांबची आजी असावी तशी होती. चाल तमिळ, अधूनमधून शब्दही तमिळ, आणि मध्येच एखादं रूप असं, की मी ते फक्त जुन्या ग्रंथांत पाहिलेलं. वाक्य अर्ध्यात तुटे, ते डोळे मिटत, पुन्हा सुरू करत. मी थांबे. मला कुठे जायचं होतं?

सुरुवातीला सगळं लहानसहान होतं. उशी उंच आहे. पंखा कमी कर. उपमा नको. मी मामींना सांगे, मामी उठून करत. एवढी वर्षं एकत्र काढलेल्या नवराबायकोच्या मधे मी मोडकंतोडकं तमिळ आणि इंग्रजी घेऊन बसलेली असे. मला संकोच वाटे. पण पुढच्या शनिवारची मी सोमवारपासूनच वाट बघायला लागले होते, हेही खरं.

एकदा मामी म्हणाल्या, "त्यांना विचार, दिवसभर खिडकीकडे तोंड करून का बसतात. मी खोलीत आले तरी वळत नाहीत."

मी विचारलं. ते थांबत थांबत बोलू लागले.

"ती बोलते तें मज कळतं," ते म्हणाले. "थोडं. पण उत्तर येत नाही. मग तिचं तोंड... उतरतं. तें बघवत नाही. तिला सांग, मी रुसलों नाही."

रुसणं तमिळमध्ये कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं. इंग्रजीतही सापडेना. शेवटी मी म्हटलं, "कोवम इल्लै." राग नाही.

"राग नाही ते मला माहीत आहे," मामी म्हणाल्या. "दुसरं काय म्हणाले? तू खूप वेळ ऐकत होतीस."

मग मी माझ्या तुटक तमिळमध्ये सगळं सांगितलं, उत्तर येत नाही ते, आणि चेहरा बघवत नाही ते. मामी आत गेल्या. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तरी गॅस बंद करायला त्यांना वेळ लागला. बाहेर आल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर, खिडकीच्या बाजूला बसल्या. त्यानंतर त्या तिथेच बसू लागल्या.

आठवड्यातून काही दिवस वाचा-उपचार करणारी मुलगी घरी येई. तिने मला सांगितलं होतं, मराठीत का होईना, बोलतं ठेवा, त्याने बाकीचंही सैल होतं. तसंच झालं. एका शनिवारी मामींनी कॉफीचा पेला त्यांच्या हातात दिला. एक घोट घेऊन ते स्वच्छ म्हणाले, "सक्करै जास्ती."

साखर जास्त झाली. मामी जागच्या जागी उभ्या राहिल्या. "परत म्हणा," त्या म्हणाल्या. त्यांनी परत म्हटलं. मामी रडता रडता हसत होत्या, आणि मीही हसत होते. मला मनापासून आनंद झाला होता. घरी परतताना ऑटोत मात्र, तमिळ परत आलं की माझे किती शनिवार उरतील, ते मी मोजू लागले.

त्यानंतर तमिळ भराभर परत आलं. आधी नावं, मग क्रियापदं, मग मामींवर चिडणंसुद्धा. मी जात राहिले. माझ्याशी ते मराठीत सुरू करत, पण मामींनी मधे काही म्हटलं की तिकडे वळत, आणि मग ती दोघं वेगाने बोलत सुटत. किती दिवसांचं साचलेलं होतं त्यांचं. मी कॉफी पीत ऐकत बसे. दहातला एखादा शब्द कळे. मामी मधेच थांबून मला इंग्रजीत सांगत की ते काय म्हणाले. आता त्या माझ्यासाठी भाषांतर करत होत्या.

मी एक शनिवार चुकवला, मग आणखी एक. मामींचा फोन आला, ये ना. मी म्हटलं, येईन. कोईमतूरला मुलाकडे काही महिने राहायला जातोय, असं त्यांनी सांगितलं.

जाण्याआधी दोघं वाचनालयात आली. ते काठी टेकत चालत होते. मामींनी नेलेल्या पुस्तिका परत केल्या आणि बोलण्याच्या खणासमोर उभ्या असलेल्या एका माणसाशी ते आपणहून बोलू लागले, तमिळमध्ये, अडखळत. त्या माणसाचं घर तेलुगू आणि भावाचं बोलणं गेलेलं, असं काहीसं चाललं होतं. निघताना ते माझ्या टेबलाशी आले. काही म्हणायचं होतं, पण शब्द आला नाही. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"असो," ते म्हणाले. "येतों."

"या," मी म्हटलं.

त्यांची ऑटो गेल्यावर मी परत आलेल्या पुस्तिका नोंदवून जागेवर ठेवल्या. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "कानातलं काढ ना जरा." त्याने काढलं. "काय गं?" तो म्हणाला. सांगायला घेतलं तर कुठून सुरू करावं तेच समजेना. मी म्हटलं, "काही नाही. आमटी कशी झालीय?" छान झालीय, म्हणाला, आणि थोडा वेळ थांबून त्याने ते पुन्हा कानात घातलं.

कपाटाचं काम अजून संपलेलं नाही. झोपेच्या खणात जागा पुरत नाही आणि नवे खोके येतच असतात. शनिवारी वाचनालय बंद असतं. मी घरीच असते, खिडक्या पुसते, दुपारी थोडी झोपते.