किल्ली देण्याआधी

साबणाच्या पाण्याचा वास आला की मला दुबईतल्या अल मनखूलमधला आमचा रिकामा फ्लॅट आठवतो. मंदीत नवऱ्याची नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसा गेला, आणि निघायच्या दिवशी वॉचमन दारातच येऊन उभा राहिला. "सफाई छोडो मॅडम, सब ऐसे ही भाग रहे हैं. चाबी दो, खलास." मी देणारच होते, पण निरोप द्यायला आलेली शेजारची फिनलंडची आजी मळलेल्या फरशीकडे बघत म्हणाली, "महायुद्धात रशियाचं अफाट सैन्य आमच्यावर चालून आलं, तेव्हा आम्हाला तासाभरात गाव सोडायचं होतं. तोफा जवळ येत होत्या आणि माझी आई जमीन घासत होती." "शत्रूसाठी?" मी विचारलं. "छे! घर आमचं होतं म्हणून." मी ओढणी कमरेला बांधली आणि बादली भरली. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. म्हटलं, वाजवू दे. कोपरान् कोपरा घासला, ओल्या फरशीवरून मागे मागे सरकत दाराबाहेर आले आणि मगच किल्ली दिली. अजूनही पुण्यात कुणीतरी हसत विचारतं, "तुम्हीपण दुबईहून पळूनच आलात ना?" मी सांगते, "नाही, फरशी पुसून आलो."