मोठ्या भांड्याचा घुमारा

गाडीत नवा बेस बसवून झाला की गिऱ्हाइकाच्या आवडीचं गाणं लावायचं, ही सगळ्या दुकानांतली रीत. आमचे नाना मात्र आधी संबळ लावायचे. गिऱ्हाईक साखर कारखान्याचा संचालक असो नाहीतर शिर्डीच्या भाड्यावर गाडी पळवणारा ड्रायव्हर, त्याने मुकाट बाजूला उभं राहायचं. नाना पुढच्या सीटवर बसणार, खिशातला फोन गाडीला जोडणार, डोळे मिटणार आणि गोंधळातला संबळ सुरू होणार. तो संपला की मान हलवून म्हणायचे, "न्हाई. अजून न्हाई आला." गिऱ्हाईक घाबरायचं. "काय नाही आला, नाना?" "तुमचं ब्येस झालंय वो. माझं म्हनतोय मी."

नागापूरला एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं बॅटऱ्यांचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून नानांचा गाळा. कंपनीने दिलेला टेप तसाच ठेवायचा, त्याला ॲम्प्लिफायर जोडायचा आणि डिकीत बेसचा, म्हणजे खालचा घुमणारा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, डबा बसवायचा, हे त्यांचं काम. या कामापायी माझी रोजची डोकेदुखी. शोकेसच्या काचा थरथरायच्या, फोनवर बोलायचं तर रस्त्यावर जावं लागायचं. मी वैतागून भिंतीवर ठोसे मारायचो. मग आवाज बंद करून नाना स्वतःच दारात यायचे आणि विचारायचे, "शेठ, भिंत पाडायची हाय का? सांगा, घन देतो." अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

तो संबळ त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा. अण्णा खर्ड्याकडचे गोंधळी. संबळाला भांडी दोन. लहान भांडं कडकडतं, मोठं घुमतं. अण्णांच्या मोठ्या भांड्याचा घुमारा म्हणे समोर बसलेल्याच्या पोटात उतरायचा. पोराने हे शिकावं म्हणून त्यांनी जिवाचा आटापिटा केला. पोरगं नगरला गॅरेजात पळालं. "बाप म्हनायचा, हात ठिव संबळावर. म्या पाना धरला," एवढं सांगितलं की मग चहा आला तरी नानांचं लक्ष नसायचं.

अण्णा गेल्यावर त्यांच्या वाजवण्यातलं मागे राहिलं ते इतकंच: कुठल्याशा लग्नातल्या गोंधळात एका पाहुण्याने फोनवर घेतलेली तीन-चार मिनिटं. त्यात लहान भांडं स्वच्छ ऐकू यायचं. मोठं मात्र कान देऊन ऐकलं तरी सापडायचं नाही. नाना म्हणायचे, "कंपनीच्या टेपात माझा बाप अर्धाच येतो, शेठ. उरल्याला अर्धा मला आनायचाय."

त्यासाठी स्वतःच्या जुन्या गाडीचे त्यांनी काय हाल केले म्हणता! आधी छोटा ॲम्प्लिफायर, मग मोठा. डिकीत एक डबा, मग दोन. शेवटी मागची सीटच उचकटून टाकली. वहिनी भडकल्या, "देवाला जायचं म्हटलं तर लेकीनं टपावर बसायचं का?" नाना शांतपणे म्हणाले, "तिला तिच्या नवऱ्याची गाडी हाय की." लग्नकार्याला ही जोडी पुढे बसून जायची आणि मागे सगळा संसार बेसचा.

एकदा माझ्याकडे बॅटरी घ्यायला रेकॉर्डिंगचं काम करणारे एक गृहस्थ आले होते. शेजारचा संबळ ऐकून सहज म्हणाले, "हे फोनवर घेतलेलं दिसतंय. त्या इवल्याशा माइकने खालचा आवाज पकडलेलाच नाही. जे आत नाही ते स्पीकर कुठून काढणार?" मी झटकन शेजारी डोकावून पाहिलं. नाना तेव्हा कुठल्या तरी गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते, त्यांच्या कानावर गेलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले. हे त्यांना सांगायचं कुणी? माझी तरी छाती नव्हती.

पुढे नानांचं लिव्हर बिघडलं. बघता बघता शर्ट अंगावर लोंबायला लागला. जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि एक दिवस बघतो तर हा माणूस धापा टाकत आणखी मोठा डबा गाडीत ढकलतोय! माझं टाळकंच फिरलं.

"नाना, बास करा आता! मरायचंय का? तो आवाज नाहीये त्यात. फोनने घेतलाच नाही. घराएवढा डबा बसवलात तरी यायचा नाही!"

बोललो आणि जीभ चावली. नाना डब्याला टेकून उभे राहिले. गळ्यातल्या टॉवेलने सावकाश घाम पुसला.

"ठाऊक हाय मला. पयल्या दिवशीच कळलं हुतं. सगळा जल्म ह्याच धंद्यात गेला न्हवं माझा?"

"मग हा खटाटोप कशासाठी?"

"डबा ल्हान पडतोय म्हनलं, की बाप त्यात हाय, निस्ता भाईर यायचा राहिलाय. डबा बास झाला म्हनलं, की मंग बाप गेलाच की, शेठ."

मी बाह्या वर केल्या, डब्याची दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघांनी तो आत सरकवला.

दिवाळीच्या तोंडावर नाना गेले. त्यांच्या गाळ्यात आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. माझ्या काचा थरथरत नाहीत, गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलता येतं. खोटं कशाला सांगू, ही शांतता मला खायला उठते.

परवा फोनमधलं जुनं काहीबाही पुसत होतो, तर नानांनी बोलून पाठवलेला एक निरोप सापडला. "शेठ, तुमचा चष्मा हितंच राहिलाय. मी घालून बघितला, मला बी लई झ्याक दिसतंय." पोट धरून हसलो आणि मग रडायलाच आलं. नानांचा आवाज केवढा भरदार, रांजणात बोलल्यासारखा. फोनमधून निघाला तो कुणा किरकोळ माणसाचा. गाडीतल्या कंपनीच्या टेपवर लावून पाहिला, तिथेही तसाच. तिरीमिरीत गाडी काढली आणि सावेडीतल्या एका दुकानात जाऊन ॲम्प्लिफायर आणि बेसचा डबा बसवून घेतला. आयुष्यभर ज्याच्या नावाने खडे फोडले तोच.

काम झाल्यावर मेकॅनिकने विचारलं, "काका, गाणं कुठलं लावू?" मी फोन दिला. त्याने निरोप ऐकला, आवाज वाढवून पुन्हा ऐकला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काका, हे तर नुसतं बोलणं आहे, तेही फोनवरचं. याला बेसचा काय उपयोग?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "यापेक्षा मोठा डबा आहे का तुझ्याकडे?"